घरी बांधलेल्या विमानाच्या रोटरी इंजिनावर गिअर रिडक्शन ड्राइव्ह बसवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील अशा वाचकांसाठी आहेत, ज्यांनी स्वतःच्या हाताने विमान बांधायचे मनावर घेतले आहे आणि त्यासाठी मझदाचे १३बी हे दोन रोटरचे इंजिन निवडले आहे किंवा निवडण्याच्या विचारात आहेत. रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी तीन बाजूंचा रोटर फिरतो आणि त्याच्या प्रत्येक बाजूला एक कक्ष तयार होतो. रिडक्शन ड्राइव्ह म्हणजे इंजिनाची गती कमी करून ती प्रोपेलरला देणारी यंत्रणा. इंजिन, रिडक्शन ड्राइव्ह आणि प्रोपेलर ही तीन वेगवेगळी खरेदी नसून ते एकच यंत्र आहे, हे गृहीत धरूनच पुढील सर्व उत्तरे लिहिली आहेत.

प्रोपेलर थेट इंजिनाच्या शाफ्टला का जोडता येत नाही?

१३बी इंजिनाच्या एका कक्षाची धारणा ६५४ घनसेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक रोटरचा एकच कक्ष धरून दोन रोटर मिळून १३०८ घनसेंटिमीटर भरते. एवढ्या लहान इंजिनातून १६० अश्वशक्ती मिळवायची, तर त्याचा एक्सेंट्रिक शाफ्ट, म्हणजे रोटर ज्याच्या मध्यापासून सरकलेल्या गोल भागांवर बसतात तो मुख्य शाफ्ट, मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरवावा लागतो. ७२ इंची, म्हणजे सुमारे १.८३ मीटर व्यासाचा प्रोपेलर या गतीने फिरवला, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ५७० मीटरच्या पुढे जातो. हवेतील ध्वनीचा वेग १५ अंश तापमानाला ३४० मीटर आहे. टोक ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचताच प्रोपेलरची कार्यक्षमता कोसळते आणि आवाज असह्य होतो. तोच प्रोपेलर २७०० फेऱ्यांनी फिरवला, तर टोकाचा वेग सुमारे २६० मीटर राहतो आणि तो योग्य आहे.

रोटर स्वतः शाफ्टच्या एक तृतीयांश गतीने, म्हणजे साधारण २००० फेऱ्यांनीच फिरतो, मग शक्ती रोटरवरूनच का घेऊ नये, असेही अनेकदा विचारले जाते. रोटर एका स्थिर मध्याभोवती फिरत नाही. तो एक्सेंट्रिकवर बसून घिरट्या घेत फिरतो, त्यामुळे त्याला बाहेरून काही जोडण्यासाठी स्थिर अक्षच उपलब्ध नसतो.

वेग कमी करून प्रोपेलर फिरवणे ही काही नवी तडजोड नाही. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात इंजिनावर ८ दातांचे आणि प्रोपेलरवर २३ दातांचे चक्र साखळीने जोडलेले होते. आजचे रोटॅक्स ९१२ हे हलक्या विमानांचे इंजिन २.२७ किंवा २.४३ या गुणोत्तराच्या गिअरबॉक्ससहच येते.

गुणोत्तर कोणते घ्यावे?

रोटरीसाठी २.१७ आणि २.८५ ही दोन गुणोत्तरे प्रचलित आहेत. २.१७ घेतल्यास ६००० फेऱ्यांना प्रोपेलर २७६५ फेऱ्यांनी फिरतो, म्हणजे इंजिनाला याहून वर नेण्याची सोय फारशी उरत नाही. २.८५ घेतल्यास इंजिन ७५०० पर्यंत नेले तरी प्रोपेलर २६३० च्या आसपासच राहतो आणि ६००० ला तो केवळ २१०५ फेऱ्या घेतो. रोटरीमध्ये वरखाली होणारे पिस्टन नसल्याने उंच फेऱ्या तिला सोसतात आणि तिची खरी शक्तीही तिथेच असते. म्हणून माझे मत २.८५ च्या बाजूने आहे. मात्र त्यासोबत मोठ्या व्यासाचा प्रोपेलर आणि त्याला पुरेल एवढी जमिनीपासूनची उंची लागते. लँडिंग गिअर, म्हणजे विमानाच्या चाकांचा सांगाडा, आखून झाल्यावर गुणोत्तर बदलू नये.

गिअरऐवजी पट्टा चालेल का?

चालतो, आणि हलक्या विमानांत दातेरी पट्ट्याचे ड्राइव्ह वापरलेही गेले आहेत. परंतु १६० अश्वशक्तीसाठी पट्टा रुंद घ्यावा लागतो, त्याच्या ताणामुळे शाफ्टवर सतत आडवा भार येतो आणि प्रोपेलरची मध्यरेषा इंजिनाच्या वर सरकते. या प्रश्नोत्तरांत पुढे केवळ प्लॅनेटरी गिअरचाच विचार केला आहे.

प्रोपेलर कोणत्या दिशेने फिरेल?

हे गिअरच्या मांडणीवर ठरते, आणि ऑर्डर देण्यापूर्वी हा हिशेब स्वतः कागदावर करून पाहावा. प्लॅनेटरी संचात मध्यभागी सन गिअर, भोवती प्लॅनेट आणि सर्वांत बाहेर रिंग गिअर असतो. प्लॅनेट ज्यावर बसतात तो कॅरिअर. रिंग गिअर गिअरबॉक्सच्या घरात स्थिर ठेवला, इंजिन सन गिअरला आणि प्रोपेलर कॅरिअरला जोडला, तर दिशा तीच राहते आणि रिंगच्या दातांना सनच्या दातांनी भागून त्यात एक मिळवल्यास गुणोत्तर मिळते. रिंगचे दात सनच्या १.८५ पट असतील तर गुणोत्तर २.८५ होते. याउलट कॅरिअर स्थिर ठेवून प्रोपेलर रिंगला जोडला, तर दिशा उलटते आणि गुणोत्तर केवळ दातांच्या भागाकाराइतके, उदाहरणार्थ २.१७, येते.

मझदाचे इंजिन पुलीच्या बाजूने पाहिले असता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. विमानात फ्लायव्हीलची, म्हणजे पुलीच्या विरुद्ध टोकाची, बाजू पुढे येते, म्हणजे वैमानिक पुलीच्याच बाजूने पाहत असतो. म्हणून दिशा न बदलणाऱ्या ड्राइव्हला बाजारात सहज मिळणारा उजव्या फिरकीचा प्रोपेलर लागतो. दिशा उलटणाऱ्या ड्राइव्हला डाव्या फिरकीचा प्रोपेलर घ्यावा लागतो, आणि उड्डाणाच्या वेळी विमान डावीकडे न ओढता उजवीकडे ओढते. उभ्या शेपटीला मूळ आराखड्यात दिलेला थोडासा तिरपेपणा अशा वेळी उलट्या बाजूचा ठरतो. हे बांधणी सुरू असतानाच लक्षात घ्यावे.

टॉर्शनल, म्हणजे शाफ्टच्या पिळाच्या, कंपनाची एवढी चर्चा का होते?

कारण रिडक्शन ड्राइव्ह मोडण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. इंजिनाच्या आत फिरणारे वस्तुमान एका टोकाला, प्रोपेलर दुसऱ्या टोकाला आणि मधला शाफ्ट व कपलिंग (इंजिन आणि ड्राइव्ह यांच्यातील जोड) म्हणजे पीळ घेणारी स्प्रिंग, अशी ही रचना आहे. तिला स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते. इंजिनातील स्फोटांचे धक्के त्या संख्येशी जुळले की पिळाचे हेलकावे वाढत जातात आणि गिअरच्या दातांवर सरासरीच्या कितीतरी पट भार येतो. आपल्याकडच्या जिनिंगमध्ये यंत्र सुरू होताना एका ठराविक फेऱ्यांवर सारी शेड थरथरते आणि गती वाढताच शांत होते, त्यामागे हीच क्रिया असते. फरक इतकाच की तिथे थरथर पायांना कळते आणि इथे ती पूर्णपणे शाफ्टच्या पिळात दडलेली असते.

समजा, फ्लायव्हीलसह इंजिनाचे जडत्व ०.०८ किलोग्रॅम-वर्गमीटर आहे आणि लाकडी प्रोपेलरचे ०.६ आहे. २.८५ च्या ड्राइव्हमधून इंजिनाच्या बाजूने पाहताना प्रोपेलरचे जडत्व गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे ८.१२ ने भागावे लागते. ते सुमारे ०.०७४ उरते. मधल्या कपलिंगचा ताठरपणा १५,००० न्यूटन-मीटर प्रति रेडियन असेल, तर नैसर्गिक कंपनसंख्या सेकंदाला सुमारे १०० येते. दोन रोटरच्या इंजिनात शाफ्टच्या प्रत्येक फेरीत दोन धक्के बसतात, म्हणून हा मेळ ३००० फेऱ्यांच्या आसपास, अगदी वापराच्या पट्ट्यात बसतो. तेच कपलिंग रबर किंवा पॉलियुरेथेनच्या बुशांनी मऊ करून ताठरपणा १,५०० वर आणला, तर कंपनसंख्या ३१ ते ३२ होते आणि मेळ ९५० फेऱ्यांच्या खाली जातो. आयडल, म्हणजे इंजिनाची सर्वांत संथ गती, १५०० च्या वर ठेवले, की इंजिन सुरू व बंद होतानाच काय तो त्या गतीतून क्षणभर जावे लागते. ही उदाहरणाची संख्या आहे. आपल्या प्रोपेलरचे आणि कपलिंगचे आकडे निर्मात्याकडून मागवून हाच हिशेब पुन्हा करावा.

या हिशेबाचा पुढचा भाग बहुतेक जण करत नाहीत, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. एका रोटरची प्रज्वलन व्यवस्था बंद पडली, तर फेरीमागे दोनऐवजी एकच धक्का उरतो, आणि वरच्या मऊ कपलिंगचा मेळ ९५० वरून थेट १९०० फेऱ्यांच्या आसपास येतो. एखाद्या रोटरच्या कोपऱ्यावरील, कक्ष एकमेकांपासून बंद ठेवणारे सील खराब झाले, तर त्याच्या कक्षांतील असमानता शाफ्टच्या दर तीन फेऱ्यांनी पुन्हा येते, आणि मग मेळ ५७०० च्या जवळ, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणाच्या गतीवर बसू शकतो. सुदृढ इंजिनावर निर्धोक चाललेला ड्राइव्ह आजारी इंजिनावरही तसाच चालेल, असे समजू नये. इंजिन अडखळू लागल्यावर कोणती गती टाळायची, हे उड्डाणापूर्वीच ठरवून पॅनेलवर लिहून ठेवावे.

गिअरबॉक्स जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत बनवून घेता येईल का?

अॅडॉप्टर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी प्लेट), स्पेसर, इंजिन माउंटच्या बुश आणि ब्रॅकेट हे सर्व आपल्याकडच्या चांगल्या सीएनसी कारखान्यात अचूक होते आणि ते तिथेच करून घ्यावे. गिअर आणि प्रोपेलर शाफ्ट मात्र करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अडचण दात कापण्याची नाही. पोलादाचा दर्जा, दातांच्या पृष्ठभागाला दिलेल्या कठीणपणाची खोली, त्यानंतरचे ग्राइंडिंग आणि शेवटी तडे शोधण्याची चुंबकीय चाचणी, या साखळीतील एक कडी जरी कागदपत्रांविना राहिली, तरी त्या गिअरबद्दल काहीच सांगता येत नाही. अमेरिकेत रोटरीसाठी जे प्लॅनेटरी ड्राइव्ह प्रचलित झाले, त्यांच्या निर्मात्यांनीही गिअर नव्याने न घडवता मोटारींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील, लाखोंच्या संख्येने तयार होणारे संच घेतले. ते शहाणपणाचेच होते.

अॅडॉप्टर प्लेट बसवताना मध्यरेषा कशी तपासावी?

डायल गेजचा (सूक्ष्म फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचा) चुंबकी पाया एक्सेंट्रिक शाफ्टच्या फ्लँजवर बसवावा आणि त्याचे टोक प्लेटच्या ज्या गोल खाचेत गिअरबॉक्स बसतो, त्या खाचेच्या आतल्या कडेवर टेकवावे. त्यानंतर स्पार्क प्लग काढून शाफ्ट हाताने अगदी हळू एक पूर्ण फेरी फिरवावा आणि काटा कुठे सर्वांत पुढे व कुठे सर्वांत मागे जातो ते दर ४५ अंशांवर प्लेटवरच मार्करने लिहावे. काट्याच्या एकूण फरकाच्या निम्मी चूक मध्यरेषेत असते. मग टोक प्लेटच्या सपाट तोंडावर टेकवून तीच फेरी पुन्हा घ्यावी, म्हणजे तिरपेपणा कळतो. दुसऱ्या मोजणीच्या वेळी शाफ्ट एकाच बाजूला दाबून धरावा, नाहीतर त्याचा स्वतःचा पुढेमागे होणारा खेळच काट्यावर दिसतो.

दोन्ही मोजण्या ड्राइव्हच्या निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत आल्यावरच डॉवेल पिनांची (जागा पक्की करणाऱ्या घट्ट खिळींची) छिद्रे रीमरने पक्की करावीत. प्लेट बोल्टांवर जागेवर राहत नाही, डॉवेलवर राहते. बोल्टांच्या छिद्रांत जेवढी मोकळीक असते, तेवढी प्लेट सरकू शकते. मोजणी सकाळी, इंजिन आणि प्लेट एकाच तापमानाला असताना करावी; दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये एका बाजूने तापलेली अॅल्युमिनियमची प्लेट वेगळा आकडा दाखवते.

फ्लायव्हीलच्या बाजूला काय काय बदलावे लागते?

जड फ्लायव्हील काढून सामान्यतः ऑटोमॅटिक गाडीची फ्लेक्स प्लेट, म्हणजे फ्लायव्हीलऐवजीची पातळ चकती, आणि वेगळे काउंटरवेट, म्हणजे तोल साधणारे वजन, बसवले जाते. काउंटरवेट त्याच वर्षांच्या रोटरसाठी बनलेले असले पाहिजे, कारण मझदाने वेगवेगळ्या काळात रोटरचे वजन बदलले आहे. मझदाच्या जुन्या आरएक्स-७ मोटारीचे काउंटरवेट नंतरच्या रोटरवर बसते, घट्टही होते, पण इंजिन असंतुलित राहते. मझदाच्या रोटरी मोटारी भारतात अधिकृतपणे विकल्या गेल्या नसल्याने हे सुटे भाग बाहेरूनच येतात. मागवताना इंजिनाचे वर्ष लिहून द्यावे.

फ्लायव्हीलच्या बाजूचा ५४ मिलिमीटरचा नट चारशे ते पाचशे न्यूटन-मीटरच्या घरात आवळायचा असतो, आणि तो हातोड्याने ठोकून नव्हे, तर टॉर्क रेंचनेच आवळावा. पुलीच्या बाजूचा मधला बोल्ट विनाकारण सैल करू नये. तो सैल होताच आतील निडल बेअरिंगची रचना जागेवरून घसरू शकते आणि पुन्हा आवळताना चिरडली जाते. काम संपल्यावर शाफ्टचा पुढेमागे खेळ मोजावा, तो ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर असावा.

प्रोपेलरची ओढ इंजिनाच्या या शाफ्टवर कधीही येऊ देऊ नये. ती गिअरबॉक्सच्या स्वतःच्या थ्रस्ट बेअरिंगने घेऊन घराच्या कवचातून माउंटकडे गेली पाहिजे. शिवाय विमानाचे नाक झटक्यात वर किंवा खाली केल्यावर फिरता प्रोपेलर स्वतःच्या शाफ्टला आडवा वाकवू पाहतो. वरच्या उदाहरणातील प्रोपेलर २१०५ फेऱ्यांवर असताना नाक सेकंदाला एक रेडियन या गतीने फिरले, तर हा भार सुमारे १३० न्यूटन-मीटर भरतो. दोन बेअरिंगमधील अंतर पुरेसे ठेवलेले असते ते यासाठीच.

गिअरबॉक्सला तेल कुठून द्यावे?

बहुतेक ड्राइव्ह इंजिनाच्याच तेलावर चालतात. दाबाचे तेल एका बारीक छिद्राच्या नोझलमधून आत येते आणि वापरलेले तेल स्वतःच्या वजनाने संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रात, परत जाते. परतीची नळी जाड, सतत उताराची आणि कुठेही खड्डा न पडणारी असावी. विमान चढताना नाक वर असते, त्या कोनातही उतार टिकतो की नाही हे शेपटी टेकवून पाहावे. तेल परत गेले नाही तर गिअरबॉक्स भरतो, गिअर ते घुसळू लागतात आणि तापमान झपाट्याने चढते. नोझलच्या आधी बारीक जाळीचा फिल्टर असावा.

१६० अश्वशक्ती म्हणजे ११९ किलोवॉट. गिअरमध्ये त्यातील केवळ दोन टक्के शक्ती वाया गेली, तरी सुमारे अडीच किलोवॉट उष्णता तेलात उतरते. ऑइल कूलर निवडताना ही भर हिशेबात धरावी.

खानदेशातील उन्हाळ्याचा परिणाम कितपत होतो?

बराच होतो. रोटरीचे रोटर आतून तेलानेच थंड होतात, त्यामुळे शीतकरणाचा साधारण एक तृतीयांश भार तेलावर असतो, आणि त्यात गिअरबॉक्सची उष्णता मिळते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. इंजिनात जाणारे तेल १०० अंशांच्या खाली ठेवायचे असेल, तर कूलरला मिळणारा तापमानातील फरक ५५ अंशांचाच राहतो. १५ अंशांच्या थंड देशात तोच ८५ असतो. परदेशी आराखड्यातील कूलर जसाच्या तसा उचलू नये, दीडपट क्षमतेचा घ्यावा.

हवाही विरळ होते. समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरवरील धावपट्टीवर ४५ अंशांत हवेची घनता अशी असते, जणू विमान चौदाशे मीटर उंचीवरून निघाले आहे. शक्ती आणि प्रोपेलरची पकड दोन्ही सुमारे बारा टक्क्यांनी घटतात. मोठा व्यास आणि कमी गती यांचा फायदा इथे विशेष जाणवतो.

प्रोपेलर लाकडी घ्यावा की धातूचा?

लाकडी किंवा कंपोझिट. धातूचे प्रोपेलर जड असतात, त्यांच्या पात्यांना स्वतःची कंपने असतात आणि त्यांची चाचणी ज्या इंजिनांवर झालेली असते, त्यांत रोटरी नसते. प्रोपेलर बदलला की वरचा कंपनाचा हिशेब पुन्हा करावा.

जमिनीवरील चाचणी कशी घ्यावी?

विमान घट्ट बांधावे. पूर्ण शक्तीला प्रोपेलरची ओढ दोनशे किलोपेक्षा अधिक असते, आणि काळ्या मातीत ठोकलेल्या खुंटीवर विश्वास ठेवू नये. उन्हाळ्यात ती माती भेगाळते आणि पावसाळ्यात मऊ पडते. काँक्रीटमध्ये बसवलेली कडी हवी. प्रोपेलरच्या पातळीत, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना, कोणीही उभे राहू नये, लहान मुलांना तर त्या जागेवर येऊच देऊ नये.

सुरुवातीला आयडलवर अल्पकाळ चालवून बंद करावे आणि प्रत्येक नटावरील रंगाची रेघ जुळते का ते पाहावे. त्यानंतर गती पाचशे-पाचशे फेऱ्यांनी वाढवत प्रत्येक टप्प्यावर तेलाचा दाब, तेलाचे तापमान आणि गिअरबॉक्सच्या कवचाचे तापमान वहीत लिहावे. एका विशिष्ट गतीला खडखडाट ऐकू आला आणि पुढे तो थांबला, तर 'गेला आवाज' म्हणून पुढे जाऊ नये. तिथेच थांबून कपलिंग उघडावे. बुशांच्या कडेला काळी भुकटी दिसली, तर रबर घासले जात आहे आणि कंपनाचा हिशेब कुठेतरी चुकला आहे.

भारतात परवानगीचे काय?

स्वतः बांधलेल्या विमानाची नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून मिळते. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे. वाट लांब आहे, पण बंद नाही. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी या चिन्हाने नोंदणी झाली. अर्ज करण्याआधी इंजिनाचा क्रमांक, ड्राइव्हच्या निर्मात्याची कागदपत्रे, आयातीची बिले, प्रत्येक टॉर्कची नोंद आणि कंपनाचा हिशेब एका फायलीत लावून ठेवावा. ड्राइव्हबाबत अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न हाच असेल की तो आधी कुठे चालला आहे. त्याचे उत्तर कागदावर असावे.

गिअरबॉक्स किती दिवसांनी उघडावा?

दिवसांवर जाऊ नये, तेलावर जावे. गिअरबॉक्सच्या तळाशी चुंबकी ड्रेन प्लग असावा आणि पहिल्या दहा तासांत तो वारंवार काढून पाहावा. त्यावर राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट दिसली, तर नवे दात एकमेकांना रुळत आहेत आणि काळजीचे कारण नाही. बोटांत चोळल्यावर टोचणारे चमकदार कण मिळाले, तर बेअरिंग किंवा दात सुटत आहेत. त्या दिवसापासून विमान जमिनीवर राहील. प्लग स्वच्छ पुसण्यापूर्वी त्याचा फोटो काढावा आणि तासांच्या नोंदीसह ठेवावा, कारण एका फोटोपेक्षा फोटोंच्या ओळीत होणारा बदल अधिक सांगतो. प्रोपेलर जमिनीला किंवा कशालाही लागला, तर नुसता ओरखडा दिसत असला तरी गिअरबॉक्स पूर्ण उघडून शाफ्टची तडे शोधण्याची चाचणी करावी.